पाच प्रथिनांची साक्ष

स्तनाचा कर्करोग प्रारंभीच आढळला, शस्त्रक्रियाही झाली. तरी केमोथेरपी द्यावी की टाळावी, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतील २१ जनुकांची ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ चाचणी त्याचे उत्तर शोधण्यास साहाय्य करते. परंतु ती बहुतांश भारतीय कुटुंबांना परवडत नाही. बेंगळुरूच्या ऑन्कोस्टेम कंपनीची ‘कॅनअसिस्ट ब्रेस्ट’ चाचणी सीडी४४, एबीसीसी४, एबीसीसी११, एन-कॅडहेरिन व पॅन-कॅडहेरिन ही पाच प्रथिने तपासते. त्यांना गाठीचा आकार, श्रेणी व लसिकाग्रंथींची स्थिती यांची जोड देऊन, पाच वर्षांत रोग दूरच्या अवयवांत उद्भवण्याचा धोका ती वर्तवते. संप्रेरक-पॉझिटिव्ह, हर२-निगेटिव्ह रुग्णांपुरतीच ती मर्यादित आहे.

हे यश अभिनंदनीय खरे. मात्र ऊतक नीट जपले असेल, तरच प्रथिनांची साक्ष विश्वसनीय ठरते. काढलेली गाठ तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये गेली नाही, तर ईआर, पीआर, हर२ यांचे मूलभूत अहवालच चुकू शकतात. आणि टॅमॉक्सिफेनसारख्या स्वस्त गोळीने जिचे आयुष्य वाढले असते, ती स्त्री तिलाच मुकते. म्हणून नव्या चाचणीचे स्वागत करताना जिल्हा रुग्णालयांतील विकृतिशास्त्र प्रयोगशाळा सक्षम करणे, हे शासनाने आद्य कर्तव्य मानले पाहिजे. पाया कच्चा राहिला, तर कळस झळकून काय उपयोग?