पुढें कोण, मागें कोण?

सन १९३० मध्यें आगाखान पारितोषिकासाठीं इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एकट्यानें विमानांतून करण्याची चुरस लागली होती. सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून निघाले, जे. आर. डी. टाटा कराचीहून. मिसर देशांत गांठ पडली तेव्हां टाटांनीं आपल्याजवळचे स्पार्क प्लग अस्पींस दिले, आणि पारितोषिक अस्पींनींच जिंकलें! घरीं बसलेल्यांस यांतलें कांहींच दिसलें नाहीं.

सन २०२२ च्या नोव्हेंबरांत वायुसेनानगरावर झालेल्या सूर्यकिरण पथकाच्या कसरती आम्ही सदरच्या गच्चीवरून पाहिल्या. ती शर्यत नव्हती हें बरें. कारण जवळचें विमान नेहमींच अधिक वेगवान भासतें, व पुढें कोण हें डोळ्यांस उमगत नाहीं.

आतां विमानांतील यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून आपलें स्थान ठरवितें. 'गगन' ही भारतीय व्यवस्था तें मापन अधिक अचूक करिते. तें स्थान रेडिओनें खालीं कळविलें कीं नकाशावर ठिपका सरकूं लागतो. शर्यतीच्या प्रत्येक विमानांत असें यंत्र असावें, आणि नकाशा मैदानावर सर्वांस फुकट दिसावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. मात्र ठिपका पाहतां पाहतां मुलांनीं मान वर करण्याचेंच सोडलें तर काय मिळविलें? फलक कोपऱ्यांत असावा; बांकें आकाशाकडे तोंड करून मांडावींत.