वेग हा पुरावा नव्हे, पण प्रश्न थांबवू नका

14 जुलै 2024 रोजी पिरेनीजमधल्या प्लातो द बेयच्या चढावर टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत ताडेइ पोगाचारने मार्को पान्तानीचा 1998 चा विक्रम मोडला. थोड्याथोडक्या सेकंदांनी नव्हे. पान्तानीला साधारण साडेत्रेचाळीस मिनिटं लागली होती, पोगाचार चाळीस मिनिटांच्या आत वर होता. 15.8 किलोमीटरचा घाट, सरासरी 7.9 टक्के चढ, आणि तोही त्या दिवशी पावणेदोनशेहून अधिक किलोमीटर सायकल हाकून झाल्यावर. संध्याकाळ व्हायच्या आत अनेकांनी निकालही देऊन टाकला. पान्तानी ईपीओ हे तांबड्या पेशी वाढवणारं उत्तेजक घेत होता, मग त्याच्यापेक्षा साडेतीन मिनिटं आधी पोहोचणारा स्वच्छ असेलच कसा?

हा युक्तिवाद करणारे मूर्ख नाहीत. त्यांची फसवणूक झालेली आहे, एकदा नव्हे, अनेकदा. 1998 च्या टूर द फ्रान्समधल्या ज्या खेळाडूंच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत नंतर ईपीओ सापडलं, त्यांत पान्तानीचं नाव फ्रेंच सिनेटच्या 2013 च्या अहवालात आलं. 1996 चा टूर विजेता ब्यार्ने रीस याने 2007 मध्ये स्वतःच कबुली दिली. आर्मस्ट्राँगची टूरची सात विजेतेपदं 2012 मध्ये काढून घेतली गेली. शिवाय पोगाचारच्या संघाचे प्रमुख माऊरो जानेत्ती 2008 मध्ये ज्या सौनिये दुवाल संघाचे प्रमुख होते, तो संघ आपला खेळाडू रिकार्दो रिक्को उत्तेजक चाचणीत पकडला गेल्यावर टूर अर्धवट सोडून निघून गेला होता. एवढं सगळं पाहिलेल्या माणसाला संशय येत नसेल तरच नवल. त्यामुळे संशय घेणाऱ्याला ‘जळतोस’ म्हणून गप्प बसवणाऱ्यांच्या बाजूला मी उभा राहणार नाही.

पण संशय येणं वेगळं आणि घड्याळ दाखवून गुन्हा शाबीत झाला म्हणणं वेगळं. ‘उत्तेजक घेतलेल्यापेक्षा वेगवान, म्हणून उत्तेजक घेतलेला’ हे अनुमान बाकी सगळं जिथल्या तिथे असेल तरच टिकतं. ते जिथल्या तिथे आहे का? हिशोब करून पाहू. 65 किलोचा खेळाडू, सायकल आणि कपड्यांसह 73 किलो, ताशी 24 किलोमीटर वेगाने हा घाट चढतो तेव्हा त्याला ढोबळमानाने 440 वॅट लागतात. त्यातला मोठा वाटा गुरुत्वाकर्षण खातं. पण पाचेचाळीस वॅट हवेला कापण्यात जातात. पाठीमागून ताशी 7 किलोमीटरची झुळूक असेल तर हा खर्च जवळपास अर्ध्यावर येतो, आणि एवढ्या झुळकेने झाडाची पानं जेमतेम सळसळतात. टायरचं पाहा. 1998 चे अरुंद, दगडासारखे टणक फुगवलेले टायर आणि आजचे रुंद, कमी घर्षणाचे टायर यांत अशा चढावर आठ-दहा वॅटचा फरक सहज पडतो. चाळीस मिनिटांच्या चढावर त्याची किंमत पाऊण ते एक मिनिट. मग आहार. आजचा खेळाडू तासाला 100 ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहून अधिक कर्बोदकं पचवत येतो, म्हणजे पाचव्या तासाला शेवटच्या घाटाच्या पायथ्याशी पोहोचतो तेव्हा त्याच्या पायांत इंधन शिल्लक असतं. आणि त्या दिवशी त्याचा प्रतिस्पर्धी विंगेगार्ड याच्या संघाने पायथ्यापासूनच गाडा असा हाकला की उसंत घ्यायला कुणालाच जागा नव्हती.

हे सगळं मिळून साडेतीन मिनिटं भरतात, असं सिद्ध झालं का? नाही. पण ती भरत नाहीत, हेही घड्याळाला सांगता येत नाही, आणि माझा मुद्दा तेवढाच आहे. त्या दिवशी विंगेगार्ड 1 मिनिट 8 सेकंदांनी आणि इव्हेनेपूल 2 मिनिटं 51 सेकंदांनी मागे होता, म्हणजे दोघेही पान्तानीच्या वेळेच्या आतच होते. एकाच दिवशी तिघे विक्रमाच्या आत येतात तेव्हा निदान रस्ता, हवा आणि शर्यतीची चाल यांचा विचार आधी व्हायला हवा. पुढच्या वर्षी ओताकामच्या घाटावर पोगाचारने विंगेगार्डला दोन मिनिटांहून अधिक मागे टाकलं, तरी रीसची 1996 ची वेळ तिथे मोडली गेली नाही. घड्याळच न्यायाधीश असेल तर हा माणूस बेयवर दोषी आणि ओताकामवर निर्दोष ठरतो.

आकडे बाहेरून काढणाऱ्यांची अडचण 2015 मध्ये उघड झाली होती. ला पिएर सें मार्तांच्या चढावर ख्रिस फ्रूम सुटला आणि फ्रेंच दूरचित्रवाणीवर त्याची ताकद किलोमागे 7.04 वॅट असल्याचं सांगितलं गेलं. दोन दिवसांनी त्याच्या संघाने पॉवर मीटरची नोंद मांडली: सरासरी 414 वॅट, दुरुस्तीनंतर किलोमागे 5.78. एकच चढ, एकच माणूस, आणि आकड्यांत पाचव्या हिश्शाएवढी तफावत. संघाच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवा, असं मी म्हणत नाही. पण त्याच टूरमध्ये रस्त्याकडेच्या एका माणसाने फ्रूमच्या अंगावर लघवी फेकली. पडद्यावरच्या अंदाजाला लोक निकाल मानू लागले की अशा माणसाला आपण न्याय करतोय असंच वाटतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिच्याबद्दल मला जास्त राग आहे. ‘इतक्या चाचण्या झाल्या, एकही पॉझिटिव्ह नाही’ हे वाक्य या खेळात यापुढे कुणी उच्चारू नये. आर्मस्ट्राँग ते वर्षानुवर्षं बोलत होता. ईपीओची अगदी लहान मात्रा रात्री शिरेतून घेतली तर काही तासांतच ती चाचणीच्या पकडीबाहेर जाऊ शकते. 2008 पासूनचा बायोलॉजिकल पासपोर्ट हे खरोखर मोठं पाऊल आहे, कारण तो औषध शोधत नाही, रक्ताची वागणूक पाहतो. स्वतःचं साठवलेलं रक्त परत घेतलं की हिमोग्लोबिन चढतं आणि अस्थिमज्जा नव्या तांबड्या पेशी बनवणं कमी करते. पासपोर्ट नेमकी हीच विसंगती हेरतो. पण सावध डॉक्टर बदल त्या सीमेच्या आत ठेवू शकतो. 2019 मध्ये ऑस्ट्रियातल्या जेफेल्ड इथे छापा पडला तेव्हा श्टेफान डेनिफ्ल आणि गेओर्ग प्राइडलर या सायकलपटूंनी रक्त-डोपिंगची कबुली दिली. त्यांना प्रयोगशाळेने पकडलं नव्हतं, पोलिसी तपासाने पकडलं.

इथेच माझं म्हणणं सुरू होतं. या खेळातली मोठी प्रकरणं कशी बाहेर आली ते पाहा. 1998 मध्ये बेल्जियम-फ्रान्स सीमेवर जकात अधिकाऱ्यांनी फेस्टिना संघाच्या विली व्होएटची गाडी उघडली. 2006 मध्ये स्पॅनिश पोलिसांना माद्रिदमध्ये टोपणनावांच्या खुणा केलेल्या रक्ताच्या पिशव्या सापडल्या. आर्मस्ट्राँगविरुद्ध 26 जणांनी साक्ष दिली, त्यांत 15 सायकलपटू होते. त्याला कागद, पैसा आणि साक्षीदार यांनी पाडलं. वेग पाहून शंका घेणारे तोवर तेरा वर्षं ओरडत होते, त्यांचं बरोबरही होतं, आणि तरी एवढ्याने काही झालं नव्हतं.

म्हणून संशयाचं काम निकाल देणं नाही, तपास सुरू करायला लावणं आहे. ते काम फार मोलाचं आहे आणि ते करणाऱ्याला या खेळाने काय दिलं, हे विसरता येत नाही. 1999 च्या टूरमध्ये क्रिस्तोफ बासों हा फ्रेंच खेळाडू वर्तमानपत्रात लिहीत होता आणि शर्यतीचा वेग पटत नाही असं उघड म्हणत होता. आल्प द्युएझच्या टप्प्यावर पिवळ्या जर्सीतला आर्मस्ट्राँग त्याच्या शेजारी आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तू इथून निघून गेलेलं बरं, असं त्याला सुनावलं. आजूबाजूच्या एकानेही तोंड उघडलं नाही. दोन दिवसांत बासों घरी गेला. त्या टूरमध्ये उत्तेजकाला नकार देणारा माणूस बाहेर पडला आणि घेणारा पॅरिसमध्ये जिंकला. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढताना ‘घाटाचा राजा’ व्हायची स्वप्नं पाहणारं आपलं एखादं पोर उद्या युरोपात गेलं, तर त्याला बासोंसारखं एकटं पडावं लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न विचारल्याने काही होत नाही, हेही खरं नाही. 2024 च्या टूरदरम्यान पत्रकारांनी लिहिलं की पोगाचार आणि विंगेगार्ड यांच्या संघांसह काही संघ हिमोग्लोबिन मोजण्यासाठी कार्बन मोनॉक्साईड हुंगायचं यंत्र वापरतात. तेव्हा ते नियमात बसत होतं. पण तोच वायू वारंवार घेतला तर उंचीवरच्या सरावासारखा परिणाम साधता येतो, हा धोका दिसला आणि फेब्रुवारी 2025 पासून सायकलिंगची जागतिक संघटना असलेल्या यूसीआयने तो वारंवार हुंगण्यावर बंदी घातली. कुणावरही चोरीचा आरोप न करता ही वाट बंद झाली.

माझी मागणी अशीच साधी आहे. तीन आठवड्यांच्या मोठ्या शर्यतींत पहिल्या दहांत येणाऱ्यांच्या पासपोर्टमधले रक्ताचे आकडे ठरावीक काळानंतर जाहीर व्हावेत, म्हणजे स्वतंत्र तज्ज्ञांना ते तपासता येतील. दहा वर्षं जपता येणारे नमुने फ्रीजमध्ये नुसते पडून राहू नयेत. नवी चाचणी आली की ते पुन्हा तपासावेत आणि काहीच सापडलं नाही तर तेही जाहीर करावं. तपासासाठी, खबऱ्यांच्या संरक्षणासाठी आणि पोलिसांशी समन्वयासाठी पैसा लागतो. तो मोठ्या संघांकडून आणि शर्यतीच्या आयोजकांकडून यावा, कारण विश्वासाचा सर्वाधिक फायदा त्यांनाच होतो.

यावर ठरलेलं उत्तर येतं: आकडे उघडे केले तर प्रतिस्पर्ध्यांना आमची गुपितं कळतील. दोन वर्षं जुन्या हिमोग्लोबिनवरून यंदाच्या शर्यतीचा डाव कुणाला आखता येणार आहे? आणि हा प्रयोग एकाने करून दाखवलेला आहे. फ्रान्सचा तिबो पिनो 2014 च्या टूरमध्ये तिसरा आला. त्याचा प्रशिक्षक असलेल्या भावाने एका सहकाऱ्यासह त्याच्या सहा वर्षांच्या ताकदीच्या नोंदी शास्त्रीय नियतकालिकात छापून टाकल्या. आपण चढावर नेमके किती वॅट लावतो हे साऱ्या जगाला सांगून बसलेला तो पिनो त्यानंतर, 2018 मध्ये, इल लोम्बार्दिया जिंकला.