चाकांची शोभा आणि त्रैराशिक

ठाणे जिल्ह्यात मानपाडा नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यावर, दुसरे डोंबिवलीलगत कल्याण-शीळ मार्गावर. पत्ता सांगताना ‘कोणता मानपाडा?’ हा प्रश्न ठरलेलाच. एक दृश्य मात्र दोन्हीकडे सारखे दिसते. अवजड मालमोटारींच्या गर्दीत अडकलेली एखादी साधी घरगुती मोटार असते आणि तिची रुंद, चकचकीत चाके मडगार्डाबाहेर बोटभर डोकावत असतात. गाडी कर्जाने घेतलेली असते. ऐट मात्र शर्यतीच्या गाडीची असते.

अशीच एक मोटार मध्यंतरी माझा एक जुना विद्यार्थी मला दाखवावयास घेऊन आला. कंपनीने दिलेले १८५/६५ आर १५ मापाचे टायर काढून त्याने २०५/६५ आर १५ बसविले होते आणि चारही चाकांमागे दहा-दहा मिलिमीटरचे स्पेसर घातले होते. “सर, आता गाडी रस्त्यावर बसल्यासारखी वाटते,” तो म्हणाला. त्याच्या आनंदावर विरजण घालण्याची माझी इच्छा नव्हती. परंतु हे आकडे काय सांगतात, असे विचारताच तो गप्प झाला. शाळेत शेकडेवारीत याला पैकीच्या पैकी गुण असत, हे मला चांगले आठवते.

आकड्यांत गूढ असे काहीच नाही. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर हे अक्षर रेडियल बांधणीचे आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. त्रैराशिक मांडले तर मूळ चाकाचा एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर भरतो, नव्याचा ६४७.५. म्हणजे चाक चार टक्क्यांहून अधिक वाढले. पूर्वी ज्या वेळी काटा ८० दाखवी, त्या वेळी गाडी आता ८३ च्या पुढे धावत असते आणि चालकाला त्याचा पत्ता नसतो. याउलट १९५/५५ आर १६ हे माप घेतले असते, तर रिम मोठी होऊनही व्यास ६२०.९ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ मूळचाच, राहिला असता. त्यापुढे ८८ एच अशी खूण असते. ८८ हा भारांक ५६० किलोग्रॅमचा आणि एच ही ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. नवा टायर यांहून कमी क्षमतेचा नसावा, एवढे पाहिले की निम्मे काम झाले. मूळ माप आणि हवेचा दाब बहुतेक गाड्यांत चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. तो कागद वाचणारे थोडे.

रुंद टायर म्हणजे अधिक पकड, हा समज तर फारच दृढ आहे. हजार किलोंच्या मोटारीचे एक चाक सुमारे अडीचशे किलो भार घेते. हवेचा दाब नेहमीचा असेल, तर टायरचा रस्त्याला टेकणारा भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. दाब आणि भार तोच राहिला, तर टायर रुंद केल्याने हा तळहात ढोबळमानाने मोठा होत नाही. तो आडवा रुंद आणि लांबीला आखूड होतो. कोरड्या, गुळगुळीत शर्यतमार्गावर वळणे घेताना त्याचा लाभ होतो, हे खरे. आपल्याकडे मात्र चार महिने पाऊस. साचलेल्या पाण्यावर वेगाने गेलेला रुंद टायर पाणी कापून बाहेर टाकण्याऐवजी त्यावर तरंगू लागण्याची शक्यता अधिक. मग सुकाणू हाती असूनही नसल्यासारखे. टायरवरील खाचांची खोली निदान १.६ मिलिमीटर असावी, हा दंडक त्यासाठीच आहे. आणि कड आखूड असलेला टायर खड्ड्यात आदळला की रिम आणि खड्ड्याची धार यांच्या चिमट्यात सापडतो. घोडबंदर रस्त्याच्या पावसाळी खड्ड्यांविषयी ठाणेकर वाचकांना मी अधिक काय सांगावे!

मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतलेली पद्मिनी टॅक्सी ५.२०-१४ मापाच्या, म्हणजे जेमतेम १३ सेंटिमीटर रुंदीच्या टायरवर आयुष्यभर धावली. आजच्या गाड्या जड आणि वेगवान आहेत, त्यांना रुंदी हवीच. ती किती हवी, हे मात्र गाडीच्या वजनाने आणि बांधणीने ठरते. पोर्शच्या ९११ या मोटारीचे मागील टायर पुढल्यांहून रुंद असतात, कारण तिचे इंजिन मागे असते. तेथे दिसणारी शोभा ही गरजेची सावली आहे. आपण सावली विकत घेतो.

स्पेसरची गोष्ट अधिक गंभीर. ही हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती. तिने चाक बाहेर सरकते. दहा मिलिमीटर ऐकावयास किरकोळ वाटतात. परंतु चाकाच्या स्टडचे आटे दीड मिलिमीटर अंतराचे असतील, तर दहा मिलिमीटरच्या चकतीने नटाचे साडेसहा फेरे खाऊन टाकले. बारा मिलिमीटर जाडीच्या स्टडवर नट निदान आठ फेरे बसावा, असा साधारण संकेत. मूळ स्टड तेच ठेवून चकती घातली, तर किती फेरे उरले हे कोण मोजतो? शिवाय ज्या हबच्या कड्यावर रिम नेमकी बसावयाची, ते कडे चकतीखाली झाकले जाते आणि चाक केवळ नटांच्या भरवशावर राहते. चाक बाहेर गेले की तरफेचा दांडा लांबल्याप्रमाणे बेअरिंगवरील ताण वाढतो. एका बाजूचे चाक पाण्यात असताना ब्रेक दाबला, तर सुकाणूला हिसकाही अधिक बसतो. आणि मडगार्डाबाहेरच्या चाकाने उडविलेला खडा मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जातो. हौसेला मोल नसते म्हणतात. येथे ते दुसऱ्याने मोजावयाचे असते.

म्हणून स्पेसर सरसकट त्याज्य ठरवावेत, असे माझे म्हणणे नाही. पोर्शने काही मॉडेलांसाठी स्वतःच पाच मिलिमीटरचे स्पेसर पर्याय म्हणून दिले, पण सोबत तितकेच लांब बोल्टही दिले. जर्मनीत असा बदल तपासणी संस्थेकडून मान्य करून घेऊन त्याची नोंद करण्याची रीत आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकास दर बदलामागे पाच हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. शिक्षा ठरली, पण कोणते माप चालेल हे सामान्य ग्राहकाला सांगणार कोण? टायरवाला विकण्यासाठी बसलेला आणि पोलीस पकडण्यासाठी उभा. मध्ये शिकविणारा कोणीच नाही.

ठाण्याच्या एमएच-०४ आणि कल्याणच्या एमएच-०५ या परिवहन कार्यालयांनी प्रचलित मोटारींची मान्य मापे मराठीत फलकावर लावावीत, हे फार मोठे मागणे नव्हे. विक्रेत्याने पावतीवर मूळ माप, नवे माप, व्यासातील टक्केवारीचा फरक आणि भारांक लिहून खाली सही करावी. सही करावयाची म्हटली की दहापैकी काही सल्ले आपोआप गळतील, असा माझा कयास आहे. विमा कंपनीला न कळविलेला बदल दाव्याच्या वेळी आड येऊ शकतो; त्या दिवशी अशी पावती निदान जबाबदारी कोणाची हे तरी सांगेल.

माझ्या विद्यार्थ्याने स्पेसर काढून टाकले. टायर मात्र तेच आहेत, कारण हप्ते अजून चालू आहेत. त्याची पावती मी मागून घेतली होती. तिच्यावर ‘टायर ४ नग, स्पेसर ४ नग’ एवढेच लिहिले होते. मापाचा रकाना कोरा होता.