कात्रणांचं तोरण

श्रावण लागला की सोलापूरच्या शुक्रवार पेठेला गणपतीचे वेध लागतात. माणिक चौकातला मानाचा आजोबा गणपती 1885 सालचा, म्हणजे 1893 मध्ये लोकमान्यांनी पुण्यातून सार्वजनिक उत्सवाची हाक दिली, त्याच्याही आधीचा. इतका जुना उत्सव जपणाऱ्या पेठेत घरोघरची आरास मात्र दरवर्षी नवी विकत घेतली जावी आणि अनंत चतुर्दशीनंतर घंटागाडीत जावी, हे मला पटत नाही. 2018 मध्ये राज्यात थर्माकोलच्या मखरांवर बंदी आली. त्यांची जागा प्लास्टिकच्या फुलांनी घेतली. कापडाच्या गावात तरी असं व्हायला नको होतं.

आपल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे. आपल्याकडे शिवलेले शाळेचे गणवेश दूरदूरच्या गावांत जातात. या सगळ्यातून उरतं ते कात्रण. कटिंगच्या टेबलाखाली त्याची पोती भरलेली असतात.

या कात्रणातून काय होतं ते सांगते. पिवळ्या-केशरी टॉवेलची चार बोटं रुंद, हातभर लांब पट्टी घ्यावी. एका कडेला धावदोरा घालून दोरा ओढावा, चुण्या पडल्या की पट्टी गुंडाळत नेऊन तळाशी चार टाके घट्ट मारावेत. टॉवेलचे फासे वर उभे राहतात आणि हुबेहूब झेंडू तयार होतो. गणवेशाच्या हिरव्या कापडाची आंब्याची पानं करावीत. दोन तुकडे उलट बाजूने जोडून शिवावेत, देठाकडून सुलटवावेत आणि मधोमध शिरेची एक टीप मारावी. मग फुलं-पानं जुन्या चादरीच्या काठावर टाचली की तोरण झालं. सुती तुकडे आधी धुऊन घ्यावेत, म्हणजे रंग पुढे उतरत नाही. सण झाला की हलक्या हाताने धुवावं, कडकडीत वाळवावं आणि कडुनिंबाच्या पाल्यासोबत डब्यात ठेवावं. तेच दसऱ्याला दारावर चढतं, दिवाळीत आणि सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतही मिरवतं.

माझं खरं म्हणणं याच्या पुढचं आहे. शाळा जूनमध्ये उघडतात. त्याआधी गणवेश शिवणाऱ्या बायकांना मान वर करायला फुरसत नसते आणि नंतर मशिनीला काम कमी पडतं. नेमक्या त्याच दिवसांत गणपती येतो. कात्रण पडलेलं, हात मोकळे आणि गिऱ्हाईक दारात! मंडळांनी पताका आणि घरांनी तोरणं या बायकांकडून शिवून घ्यावीत, नगावर चोख मजुरी द्यावी. दरवर्षी प्लास्टिकवर जाणारा पैसा पेठेतल्याच घरात जाईल. कात्रण फुकटचं असेल, त्यांची शिलाई फुकटची नाही. एवढं ध्यानात ठेवून या वर्षीच्या वर्गणीतून पहिली पताका शिवायला टाकूया.