बिबट्या दिसला हे खरं, पण वाढला हे कशावरून?

बुद्ध पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी मोबाईलवर आकडे फिरायला लागतात. अमुक अभयारण्यात इतके बिबटे, इतकी अस्वलं, इतके सांबर. मागच्या सालापेक्षा कमी दिसले की ‘वन्यप्राणी घटले’, जास्त दिसले की ‘वाढले’.

मचाणावर रात्रभर बसून पाण्यावर आलेलं जनावर लिहायचं, ही पद्धत जुनी आहे. पण आदल्या आठवड्यात वळीव पडला तर नाल्या-डबक्यांत पाणी साचतं आणि जनावर मचाणाकडे फिरकतच नाही. डुकरांचा एकच कळप दोन पाणवठ्यांवर गेला तर दोनदा लिहिला जातो. वनखातं आता या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतं. गावाच्या ग्रुपवर मात्र ती अजून प्रगणनाच आहे.

बाजार समितीत आज कांद्याच्या किती गाड्या आल्या, यावरून तालुक्यात कांदा किती हे कोणी शेतकरी सांगेल का? भाव पडला की माल चाळीत राहतो, आवक घटते, कांदा तेवढाच असतो. आवकेचा आकडा उपयोगी आहे, पण बाकी परिस्थिती सारखी असेल तरच तो मागच्या वर्षाशी लावून बघता येतो. जनावरांचंही तसंच. शंभरातली किती दिसतात हे प्रमाण दरवर्षी बदलत असेल, तर दिसलेल्या आकड्यावरून वाढ-घट कळत नाही.

राजस्थानातल्या सरिस्कात याची किंमत मोजावी लागली. तेव्हा वाघ पंजाच्या ठशांवरून मोजायचे. २००४ साली तिथे पंधराच्या वर वाघ कागदावर होते. २००५ मध्ये शोधले तर एकही नाही, शिकाऱ्यांनी संपवले होते. पुढे कॅमेरे आले. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, बिबट्याचे ठिपके वेगळे. तोच प्राणी किती वेळा पुन्हा फोटोत येतो, यावरून न दिसलेल्यांचा हिशेब लावतात. ठशांवरून २००२ मध्ये देशात ३,६४२ वाघ होते, नव्या पद्धतीने २००६ मध्ये १,४११ निघाले. चार वर्षांत निम्म्याहून जास्त मेले असं यावरून म्हणता येत नाही, कारण मधे मापच बदललं.

आता आपल्या उसातला बिबट्या. २०२२ च्या अंदाजात महाराष्ट्रात १,९८५ बिबटे आहेत, पण ती मोजणी मुख्यतः जंगलाची. उसात जन्मलेला त्यात कुठे धरला? अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावले होते. १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच मोठे बिबटे, असा तो अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. असं काम प्रत्येक ऊसपट्ट्यात व्हायला हवं होतं.

त्याऐवजी आपण व्हिडिओ मोजतो. हातोहाती मोबाईल आले, वस्तीवर सीसीटीव्ही आले. एकाच बिबट्याची क्लिप चार गावांत ‘आपल्या शिवारात’ म्हणून फिरते. ऊसतोड सुरू झाली की आडोसा जातो आणि तोच बिबट्या उघड्यावर येतो. उलटीकडे शेळी गेली तर पंचनाम्यात दिवस मोडतो म्हणून कित्येकजण कळवतच नाहीत. मग कागदावर हल्ले कमी.

बिबटे वाढले नाहीत, असं माझं म्हणणं नाही. माणसं गेली आहेत, रात्रीचं पाणी धरायला लोक घाबरतात. म्हणूनच आकडा पक्का पाहिजे. पिंजरे किती लावायचे, नसबंदी करायची की धरून दुसरीकडे न्यायचे, हे त्यावर ठरतं. शंभरातले वीस धरणं वेगळं आणि तीनशेतले वीस धरणं वेगळं. ग्रामसभेत फक्त ‘पिंजरा लावा’ असा ठराव घेण्याऐवजी, दरवर्षी त्याच महिन्यात त्याच जागी कॅमेरे लावून मोजणी करा, अशी मागणी वनखात्याकडे लेखी गेली पाहिजे. तोवर शेळी असो की वासरू, पंचनामा करूनच घ्या, आणि व्हिडिओ टाकताना शिवार, तारीख, वेळ लिहा.