तळावरच्या ताई : ठेकेदार की कर्मचारी?



येत्या गळीत हंगामात ऊसतोड मजुरांच्या तळांवर समाजसेविका नेमावी असे घाटत आहे. या विचाराला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण नेमायची कशी, याविषयी जी चर्चा कानावर येते तिच्यावर लिहिणे आम्हाला भाग आहे. चर्चा अशी की, बाईंना हजेरीपटावर घ्यायचे नाही. 'स्वतंत्र सेवा देणारी व्यक्ती' म्हणून करारपत्र करायचे आणि दरमहा ठराविक रकमेचे बिल काढायचे. म्हणजे फंड नाही, रजा नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पट्टा पडला की करार संपला. एक सभासद तर गट ऑफिसात आम्हाला म्हणाले, "साहेब, समाजसेवा करणाऱ्याला पगार कशाला लागतो?"

लागतो. मुंबईत टाटांच्या देणगीतून १९३६ साली समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था निघाली, तेव्हापासून हा शिकून करण्याचा पेशा आहे. आज नाशिकला मराठा विद्या प्रसारक समाजाचेही समाजकार्य महाविद्यालय आहे. तिथे शिकलेली मुलगी आपल्याकडे पुण्य कमवायला येत नाही. ती कामाला येते.

तेव्हा प्रश्न पगाराचा नाही, नात्याचा आहे. खरा स्वतंत्र ठेकेदार कसा असतो हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. आपले वाहतूक ठेकेदार बघा. ट्रॅक्टर त्यांचा, ड्रायव्हर त्यांचा, डिझेल त्यांचे. परवडले नाही तर पुढच्या साली दुसऱ्या कारखान्याकडे करार करतात. किंवा ज्यांच्या द्राक्षबागा आहेत त्यांनी आपला सल्लागार आठवावा. गाडी स्वतःची, दिवसाला पाच-सात बागा, एकरी फी ठरलेली. फवारणी काय करायची ते तो तुम्हाला सांगतो, तुम्ही त्याला नाही. सकाळी आठला या म्हणून त्याला हुकूम सोडलात तर दुसऱ्या दिवशी तो येणारच नाही.

आता आपल्या ताईंचे काम कसे योजले आहे ते पाहा. रोज सकाळी गट ऑफिसात हजर व्हायचे. तळ कोणते ते शेतकी खाते ठरवणार. रजिस्टर आपले, नमुने आपले, जीप मिळाली तर आपली. हंगाम संपेपर्यंत दुसरीकडे काम करायचे नाही. एवढे सगळे केल्यावर कागदावर मात्र 'स्वतंत्र'! ज्वारीच्या पोत्यावर गहू लिहिल्याने आत गहू होत नाही.

कायदाही हेच म्हणतो. सौराष्ट्रातल्या धांगध्रा केमिकल वर्क्सच्या मिठागरातील अगरियांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. हे अगरिये ऑक्टोबर ते जून हंगामावर येत, बायका-पोरांसह राबत, मणावर पैसे घेत, गरज पडली तर स्वतःची माणसेही लावत. कंपनी म्हणे हे ठेकेदार. पण मीठ तयार होण्याच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख होती, म्हणून १९५६ साली न्यायालयाने त्यांना कामगार ठरवले. (हे वाचताना आमच्या डोळ्यांपुढे आपल्या टोळ्याही आल्या, पण तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी तरी.) अंगणवाडी सेविका तर गावोगाव आहेत. वर्षानुवर्षे त्यांच्या मोबदल्याला 'मानधन' म्हटले गेले. तरीही एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या कायद्याखाली ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे असा निकाल दिला. तेव्हा मानधन म्हटले, करार म्हटला, की जबाबदारी टळली, असे समजून आपण चालू नये. उद्या मागची बाकी व्याजासह भरायची वेळ आली तर ती तुमच्या-आमच्याच खिशातून जाईल.

पण कायद्याच्या भीतीपेक्षा दुसरी एक गोष्ट आम्हाला जास्त टोचते. ती आमच्याच टेबलावर घडली म्हणून लिहितो.

गेल्या हंगामात याच पद्धतीने एक ताई घेतल्या होत्या. कामाच्या पक्क्या. पोरांना लस दिली का, कोपीत गरोदर बाई कोण, कुणाचा ताप उतरत नाही, सगळे वहीत असायचे. जानेवारीत, ऐन थंडीत, त्यांनी अहवाल दिला की दोन तळांवर पाण्याचा टँकर तिसऱ्या दिवशी येतो आणि बाया नाल्यातले पाणी भरतात. टँकरची व्यवस्था शेतकी खात्याची, म्हणजे आमचीच. तो अहवाल आणि ताईंचे महिन्याचे बिल एकाच आठवड्यात आमच्यापुढे आले. बिल आम्ही अडवले नाही, लगेच सही केली. पण पुढच्या महिन्याच्या अहवालात पाण्याचा उल्लेख नव्हता. टँकर मात्र पूर्वीसारखाच तिसऱ्या दिवशी येत होता. आम्ही त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. करार महिन्याचा होता, एवढे दोघांनाही ठाऊक होते.

त्याच ताई फेब्रुवारीत रात्री एका बाळंतिणीला दवाखान्यात पोचवून परतत होत्या. उसाच्या ट्रेलरने रस्त्यावर चिखल केला होता, त्यात स्कूटर घसरली आणि हात मोडला. तीन आठवडे घरी बसल्या. काम नाही म्हणून बिल नाही. दवाखान्याचा खर्च त्यांच्या वडिलांनी केला. या हंगामात आम्ही निरोप पाठवला, त्यांनी नम्रपणे नाही म्हणून कळवले.

अशा कामाची कारखान्याला गरज किती, हे बीडच्या प्रकरणाने दाखवलेच आहे. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढल्याच्या बातम्यांनंतर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांवर स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. आपल्याकडच्या टोळ्या नांदगाव-चाळीसगावकडच्या असोत की पेठ-सुरगाण्याच्या, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघे. बाई आजारी पडली की कोयता थांबला, आणि दिवसाचा दीड-दोन टन ऊस फडातच उभा राहिला. तो ऊस तुमचाच आहे.

मग करावे काय? आमच्या मते वाट आपल्या कारखान्यातच आहे. गव्हाणीवरचा, बॉयलरवरचा माणूस आपण 'हंगामी कायम' म्हणून ठेवतोच. हंगामात पूर्ण पगार, बिगर हंगामात रिटेन्शन भत्ता, फंड चालू, पुढच्या साली बोलावणे पक्के. ताईंना याच यादीत घ्यावे. आणि त्यांचा अहवाल शेतकी खात्याकडे न येता थेट कार्यकारी संचालकांकडे जावा. बदलीचा किंवा कमी करण्याचा अधिकार आमच्या हाती ठेवू नये. हे आम्हीच लिहितो आहोत याचे काहींना नवल वाटेल.

खरे स्वतंत्र माणूस लागतेच, पण ते वेगळ्या कामाला. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीत एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला असावा लागतो. हंगामात दोनदा सगळ्या तळांची तपासणीही बाहेरच्याकडून करून घेता येईल. तिथे फी ठरवा, करार करा, कर कापायचा असेल तो कापा. पण त्यांनी केव्हा यावे, कुणाशी बोलावे, काय लिहावे, हे आपण ठरवायचे नाही. तेवढे मोकळेपण द्यायची तयारी नसेल तर त्यांना स्वतंत्र म्हणू नये.

"भावातून कापाल," असे म्हणणारे भेटतीलच. हिशेब करून पाहा. समजा गाळप ४ लाख टन झाले आणि ताईंचा पगार, फंड, भत्ता, प्रवास मिळून वर्षाला ३ लाख रुपये लागले, तर टनामागे ७५ पैसे पडतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे १० रुपये ठरलेलेच आहेत, त्यातून तळांसाठी काय मिळते याचाही पाठपुरावा व्हावा. एका तळावर एकापेक्षा जास्त ताई लागतील का, यावर आमचे मत अजून पक्के झालेले नाही. गेल्या साली एकीला सगळे तळ आठवड्यात एकदाच होत.

मोळी टाकण्यापूर्वी संचालक मंडळापुढे हा विषय येईल. ज्यांना बाजूने वा विरुद्ध काही म्हणायचे असेल त्यांनी आपल्या गट ऑफिसात लेखी द्यावे. आणि टँकरचे सांगायचे तर, या साली प्रत्येक तळावर टँकर आल्याची तारीख आणि वेळ लिहायची पाटी लावायला सांगितले आहे. फडावर जाताना सभासदांनीही ती पाहावी.