एक्सप्लेनर : बाळंतपणानंतर केस गळतात, चिनी जडीबुटी घ्यावी का? आधी आईचं हिमोग्लोबिन बघा

ताईचं बाळ तीन महिन्यांचं झालं आणि घरात जिथे तिथे तिचे केस सापडायला लागले. उशीवर, न्हाणीच्या जाळीत, बाळाच्या मुठीत. आई म्हणाली, "बाळ माणसं ओळखायला लागलं की आईचे केस जातातच. येतील परत." ताईचा विश्वास बसला नाही. रात्री बाळाला पाजता पाजता तिने मोबाईलवर शोधाशोध केली आणि सकाळी मला एक लिंक पाठवली. 'हजारो वर्षांची चिनी जडीबुटी, केस परत!' खाली प्रश्न होता, "तू इंजिनिअर ना? बघ बरं, मागवू का?"

इंजिनिअरिंगमध्ये केस शिकवत नाहीत. पण एक गोष्ट शिकवतात. बिघाड दुरुस्त करण्याआधी तो बिघाड आहे का, ते तपासा. म्हणून तपासलं.

केस नेमके का गळतात?

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले ८५ ते ९० टक्के कोणत्याही वेळी वाढत असतात, उरलेले विश्रांतीत असतात. विश्रांती संपली की केस गळतो आणि त्याच मुळातून नवा येतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे रोजचंच.

गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळे गळायचे केसही डोक्यावरच थांबून राहतात. म्हणून त्या काळात वेणी जाड वाटते. बाळंतपणानंतर हे संप्रेरक झपाट्याने उतरतं आणि थांबलेले केस एकदम विश्रांतीत जातात. दोन-तीन महिन्यांनी ते सगळे एकाच वेळी गळायला लागतात.

परभणीच्या बसस्थानकाची कल्पना करा. एरवी गाड्या एकामागून एक सुटतात, कुणाच्या लक्षातही येत नाही. काही तास सगळ्या रोखून धरल्या आणि मग एकदम सोडल्या, तर रस्ताभर गाड्याच गाड्या दिसतील. गाड्या वाढल्या नाहीत, फक्त एकत्र सुटल्या. डॉक्टर याला 'टेलोजेन इफ्लुव्हियम' म्हणतात. मुळं शाबूत असतात. बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बहुतेक आयांचे केस पूर्ववत होतात. आईचं निरीक्षण बरोबर होतं. बाळ ओळखीचं हसू लागतं तो काळ आणि केस गळण्याचा काळ एकच असतो.

चिनी वैद्यक काय म्हणतं?

चिनी परंपरेत केसांना 'रक्ताचं उरलेलं' मानतात. बाळंतपणात रक्त जातं, अंगातली शक्ती जाते, म्हणून केसांना काही उरत नाही, असा त्यांचा विचार. उपायही त्याच दिशेचे आहेत. रक्त भरून काढण्यासाठी 'तांग क्वेई' ही मुळी, केसांसाठी 'हो शौ वू' हे कंद, काळे तीळ आणि टाळूवर किंवा अंगावर बारीक सुया, म्हणजे ॲक्युपंक्चर. जोडीला महिनाभर घरात राहून विश्रांती, गरम पाणी, आलं घातलेलं जेवण.

ओळखीचं वाटलं ना? आपल्याकडे सव्वा महिना, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, बाळंतशेपा. आयुर्वेद केसांना अस्थिधातूचा मल मानतो. शब्द वेगळे, पण दोन्हीकडच्या जुन्या लोकांनी एक गोष्ट हेरली होती. बाळंतिणीच्या केसांचं उत्तर डोक्यावर नाही, तिच्या अंगात आणि ताटात शोधायचं.

चिनी उपचार महाराष्ट्राला परकेही नाहीत. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. त्याच पथकातल्या डॉ. बिजॉय कुमार बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर भारतात आणलं. महाराष्ट्राने तर ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. म्हणजे ही पद्धत आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत आहे. ज्यांना ती करून बघायची आहे त्यांनी नोंदणी असलेल्या माणसाकडेच जावं.

मग गुण येतो, तो कशाचा?

खरी मेख इथे आहे. जे केस आपोआप परत येणार आहेत, त्यांच्यावर कोणताही उपाय लागू पडतो! चौथ्या महिन्यात कॅप्सूल सुरू केली आणि नवव्या महिन्यात केस आले, तर श्रेय कॅप्सूलला. कांद्याचा रस लावला असता तर कांद्याला, काहीच केलं नसतं तर कुणालाच नाही. 'आधी आणि नंतर'चे फोटो म्हणूनच इतके पटतात. उपायाचा गुण सिद्ध करायचा तर तो घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन गटांची तुलना लागते. जाहिरातीत ती नसते.

नुसतं घेऊन बघितलं तर काय बिघडतं?

बिघडू शकतं. 'हो शौ वू', म्हणजेच पॉलिगोनम मल्टिफ्लोरम, पोटात घेतल्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्येच त्याबद्दल इशारा दिला होता. 'तांग क्वेई' रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. शिवाय अंगावर पाजणाऱ्या आईने घेतलेलं औषध बाळापर्यंत पोहोचू शकतं. ऑनलाइन पाकिटावर 'हर्बल' लिहिलंय एवढ्यावर ते सुरक्षित ठरत नाही.

केसांच्या गमी आणि बायोटिनच्या गोळ्यांचंही तेच. बायोटिनच्या मोठ्या डोसमुळे थायरॉइडच्या रक्त तपासणीचा निकाल चुकू शकतो. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यातल्या गावांमध्ये लोकांचे केस अचानक गळाले, तेव्हा डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्याचा संबंध गव्हातल्या जादा सेलेनियमशी जोडला होता. हेच सेलेनियम केसांच्या अनेक गोळ्यांमध्येही असतं. थोडं हवं, जास्त झालं की केस उलट जातात.

खरी काळजी कशाची?

केस परत येणार हे खरं. पण 'सगळ्यांनाच होतं' म्हणून सोडून देणं ही दुसरी चूक. रक्त कमी असेल तर केस जास्त गळतात आणि उशिरा भरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! बाळंतपणानंतर काही जणींचा थायरॉइडही बिघडतो. थकवा, धडधड, चिडचिड, वजनातला बदल ही त्याची लक्षणं. घरात मात्र ती 'जागरणामुळे होतंय' या एका वाक्यात मिटवली जातात.

'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात गरोदरपणी १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लोह-फॉलिक ॲसिडची रोज एक गोळी मोफत मिळते. बाळंतपणानंतरच्या गोळ्या किती जणी पूर्ण करतात, हे तुमच्याच घरातल्या कपाटात बघा. ताईच्या कपाटात पाकिटं जशीच्या तशी होती. गोळीने पोट साफ होत नाही म्हणून तिने विसाव्या दिवशीच सोडली होती. त्यानंतर तिला कुणी विचारलं नाही. मीही नाही.

माझं म्हणणं एवढंच

दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात. त्यानंतरची भेट तिसऱ्या महिन्यात असते, पण तिचा भर बाळाच्या वाढीवर असतो. म्हणजे आईचे केस गळायला लागतात, नेमकं तेव्हाच तिच्याकडे बघणारी नजर कमी झालेली असते.

पण आई घरातच असते असं नाही. चौदाव्या आठवड्याच्या लसीसाठी ती बाळाला घेऊन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात येते. जिंतूर असो, पालम असो की गंगाखेड, लसीची तारीख सहसा चुकवली जात नाही. त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर तिच्या बोटातलं थेंबभर रक्त घेऊन हिमोग्लोबिन बघावं आणि दोन प्रश्न विचारावेत. गोळी चालू आहे का? थकवा किती आहे? हिमोग्लोबिन तपासायची सोय आपल्या आरोग्य यंत्रणेत आहे, गोळ्याही आहेत. फक्त ती तारीख आईच्याही नावावर टाकायची आहे. परभणी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने आपल्या नऊ तालुक्यांत हे सुरू करावं.

तोवर घरी काय करायचं?

• हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा. लोहाची गोळी सोडू नका, त्रास होत असेल तर वेळ किंवा गोळी बदलून मागा.
• लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. गोळीच्या आगेमागे चहा नको, जेवणात लिंबू हवं.
• 'हे वातूळ, ते थंड' म्हणत बाळंतिणीच्या ताटातून डाळ, भाज्या, फळं काढू नका. अळिवाचे लाडू जरूर द्या.
• भाकरी ज्वारीचीच असू द्या. आपल्याच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये आणलेल्या 'परभणी शक्ती' या वाणात नेहमीच्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे. मिळाली तर तीच घ्या.
• घट्ट वेणी, घट्ट अंबाडा टाळा. बाळाच्या हातापायांच्या बोटांना केस गुंडाळला गेला नाही ना, हे रोज बघा. त्याने रक्तपुरवठा अडू शकतो.
• डोक्यावर चट्टे पडले, वर्ष उलटूनही गळती थांबली नाही किंवा खूप थकवा, धडधड असेल तर थांबू नका. डॉक्टरांना दाखवून थायरॉइडही तपासून घ्या.

ताईने कॅप्सूल मागवली नाही. चौदाव्या आठवड्याची लस द्यायला आम्ही दोघी गेलो आणि तिचंही रक्त तपासा म्हणून सांगितलं. हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, ती आता रात्री जेवणानंतर घेते. केस अजून गळतात. पण दुपारी जिना चढताना तिला आता मध्येच बसावं लागत नाही.